नेटवर्कच्या दोन केबल जोडल्या म्हणजे वेग दुप्पट होतो काय?

आज लहानमोठ्या प्रत्येक पेढीवर खातेवही संगणकात, बिल संगणकात, ई-वे बिल संगणकात आणि गोदामावरची नजरही संगणकातच असते. दुकान खाली, गोदाम वरच्या मजल्यावर किंवा गल्लीपलीकडे, आणि दोन्हींच्या दरम्यान एक केबल, अशी रचना आता सर्वत्र दिसते. सीझनच्या दिवसांत बिल निघायला वेळ लागू लागला, कॅमेऱ्यांचे चित्र अडखळू लागले, की नेटवर्कचे काम करणारा मनुष्य बोलावला जातो. तो दोन्हीकडचे स्विच पाहतो आणि म्हणतो, "शेठ, एकच केबल आहे. दुसरी टाकून दोन्ही जोडून देतो. एक गिगाबिटचे दोन गिगाबिट होतील." त्यासाठी साधे स्विच काढून सेटिंग करता येणारे महागडे स्विच घ्यावे लागतात, दुसरी केबल ओढावी लागते, मजुरी वेगळी. एक अधिक एक बरोबर दोन हा हिशेब सरळ आहे, म्हणून आपण मान डोलावतो. काम झाल्यावर मात्र रात्रीच्या बॅकअपला जेवढा वेळ कालपर्यंत लागत होता तेवढाच आजही लागतो, आणि मग तक्रार सुरू होते.

यात त्या माणसाने खोटे सांगितलेले नसते. त्याने अर्धे सांगितलेले असते. उरलेले अर्धे काय आहे, ते समजून घेतले तर कोटेशनवर सही करण्यापूर्वी आपल्याला योग्य प्रश्न विचारता येतील.

प्रथम स्विच म्हणजे काय ते पाहू. स्विच हा नेटवर्कचा हुंडेकरी आहे. त्याच्या कार्यालयाला ८, १६ किंवा २४ दरवाजे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. संगणक जी माहिती पाठवतो ती एकसंध जात नाही. तिचे लहान लहान पुडके होतात आणि प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. या पुडक्याला फ्रेम आणि त्या पत्त्याला मॅक ॲड्रेस असे नाव आहे. कोणता पत्ता कोणत्या दरवाजामागे आहे हे स्विच येणाऱ्या पुडक्यांवरून आपोआप शिकतो आणि आपल्या वहीत टिपून ठेवतो. पुढच्या वेळी त्या पत्त्याचा माल तो फक्त त्याच दरवाजाने बाहेर काढतो. पण पत्ता वहीत नसेल, किंवा पुडके सर्वांसाठी असेल, तर त्याची एक एक नक्कल बाकीच्या सर्व दरवाजांनी पाठवली जाते.

आता कोणी दोन स्विचच्या दरम्यान कोणतीही सेटिंग न करता दुसरी केबल खोचली तर काय होईल? सर्वांसाठीचे पुडके पहिल्या केबलने पलीकडे जाईल, तिथला स्विच त्याची नक्कल दुसऱ्या केबलने परत पाठवेल, इकडचा स्विच ती पुन्हा पलीकडे पाठवेल, आणि हे फिरणे थांबणारच नाही. इथरनेटच्या पुडक्यावर "इतक्या फेऱ्यांनंतर रद्द" असा शिक्का नसतो. काही क्षणांत दोन्ही स्विचचे सर्व दिवे अखंड लुकलुकू लागतात आणि अख्खी पेढी बंद पडते. वेग वाढवायला टाकलेल्या केबलने कामच थांबवले, असे प्रकार साध्या स्विचवर होतात. दुसरी केबल फक्त खोचून पाहण्याची हौस कोणी ग्राहकांच्या गर्दीत करू नये.

या फेऱ्यांवर इलाज पूर्वीच निघाला आहे. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत बसवली. तिच्यात स्विच आपसांत विचारपूस करून जादा वाट शोधतात आणि बंद ठेवतात. चालू वाट तुटली तरच बंद वाट उघडते. जुन्या पद्धतीत या उघडण्याला ३० ते ५० सेकंद लागत, नव्यात फार कमी लागतात. परंतु व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर यात एक अडचण आहे. दुसऱ्या केबलचे पैसे दिले, आणि ती नुसती राखीव पडून आहे.

ही पडून राहिलेली केबल कामाला लावण्याचे श्रेय ज्या कंपनीला जाते तिचे नाव वाचून वाचकांना नवल वाटेल. तिचे नाव कल्पना. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने लॅरी ब्लेअर यांच्यासोबत १९८७ साली कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली आणि आपल्या पत्नीचे नाव तिला दिले. १९९० साली या कंपनीने ७ पोर्टचा इथरस्विच बाजारात आणला. पुढे तिनेच दोन स्विचमधील अनेक केबल एकत्र बांधून त्यांना एकच केबल समजण्याची हिकमत काढली आणि तिला इथरचॅनल असे नाव दिले. १९९४ साली सिस्कोने ही कंपनी विकत घेतली, आणि इथरचॅनल हे नाव सिस्कोच्या स्विचवर आजही चालते.

मग इतर कंपन्यांनीही आपापल्या पद्धती काढल्या आणि एकाचा स्विच दुसऱ्याशी जुळेना. शेवटी २००० साली आयईईई या संस्थेने ८०२.३एडी नावाचे सामाईक मानक मंजूर केले. २००८ साली ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली नेण्यात आले. कारागीर मंडळी अजूनही जुनाच क्रमांक बोलतात. या तंत्राला लिंक ॲग्रिगेशन म्हणतात. बाकी बाजारात नावांचा गोंधळ भरपूर आहे. कोणी लॅग म्हणतो, कोणी बाँडिंग, कोणी टीमिंग. ट्रंक या शब्दाने तर फारच घोटाळा होतो. एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचवर ट्रंक म्हणजे अनेक केबल एकत्र बांधणे, आणि सिस्कोकडे ट्रंक म्हणजे एकाच केबलमधून अनेक वेगळी नेटवर्क नेणे. कोटेशनमध्ये नुसते "ट्रंक" लिहिले असेल तर खुलासा मागावा.

केबल एकत्र बांधल्या की स्पॅनिंग ट्रीला ती एकच वाट दिसते, म्हणून ती काहीही बंद करत नाही. दोन्ही केबल चालू राहतात. इथपर्यंत सर्व ठीक आहे. खरा प्रश्न यापुढे आहे. समोर दोन वाटा उघड्या असताना कोणते पुडके कोणत्या वाटेने पाठवायचे, हे स्विच कसे ठरवतो?

एक यात, एक त्यात, का नाही?

कोणालाही प्रथम असेच वाटेल की पहिले पुडके एका केबलने, दुसरे दुसऱ्या केबलने, तिसरे पुन्हा पहिल्या केबलने, असे पाठवावे. दोन्हींवर सारखे ओझे पडेल आणि वेग खरोखर दुप्पट होईल. पण तसे केले जात नाही, आणि त्याचे कारण आम्हा कापडवाल्यांना चटकन समजेल.

समजा, एका पार्टीला २० गाठी पाठवायच्या आहेत आणि प्रत्येक गाठीवर नंबर आहे. एक गाठ एका टेंपोत, पुढची दुसऱ्या टेंपोत, अशा त्या चढवल्या. एक टेंपो नाक्यावर अडकला, दुसरा सरळ पोहोचला. समोरचा मुनीम नंबर लावून माल उतरवून घेतो. त्याच्यापुढे ४ नंतर ६, ८, १० आल्या आणि ५ आलीच नाही. तो कळवतो, "५ नंबर मिळाली नाही." पुन्हा तेच कळवतो. तिसऱ्यांदा कळवल्यावर पाठवणारा समजतो की गाठ वाटेत गहाळ झाली. तो ५ नंबरचा माल पुन्हा पाठवतो आणि रस्ता खराब दिसतो म्हणून पुढचा मालही हळू सोडतो. इकडे अडकलेला टेंपो थोड्या वेळाने पोहोचतोच. काहीही हरवलेले नसते, तरीही दुप्पट माल गेला आणि काम मंदावले.

संगणकांच्या दरम्यान बहुतेक माहिती ज्या टीसीपी पद्धतीने जाते तिचे वागणे अगदी असेच आहे. एकाच पुडक्याच्या गैरहजेरीची सूचना तीनदा पुन्हा आली की ती ते हरवले असे धरते, फेरपाठवणी करते आणि वेग उतरवते. म्हणून मानकाने एक अट घातली आहे. एका व्यवहारातील पुडक्यांचा क्रम बिघडता कामा नये. ही अट पाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग असा की एका व्यवहाराचा सर्व माल एकाच केबलने पाठवायचा. मग दुसरी केबल रिकामी असली तरी हरकत नाही.

वर सांगितलेली अर्धी गोष्ट हीच. दोन केबल जोडल्याने रस्त्याला लेन वाढतात, परंतु एका गाडीचा वेग वाढत नाही. एक गिगाबिटच्या केबलमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जाऊ शकतात, प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळतात. १० गिगाबाइटची एक फाइल सर्व्हरवरून बॅकअपच्या डब्यात न्यायला सुमारे दीड मिनिट लागते. मध्ये अशा २ केबल बांधा, ४ बांधा की ८ बांधा, त्या एका फाइलला तेवढेच दीड मिनिट लागेल.

मुनीम वजन पाहत नाही

आता कोणता व्यवहार कोणत्या केबलवर टाकायचा ते पाहू. येथे स्विच कोणतीही अक्कल लढवत नाही. तो पाठवणारा आणि घेणारा यांचे पत्ते घेतो, त्यांचा ठरावीक हिशेब करतो आणि जे उत्तर येईल ती केबल धरतो. या हिशेबाला हॅश म्हणतात. पत्ते तेच असले की उत्तर तेच येते, म्हणून एका व्यवहाराची केबल बदलत नाही.

दोन केबलसाठी सर्वांत साधा हिशेब सम-विषमचा आहे. सर्व्हरचा पत्ता १० ने संपतो, संगणकांचे पत्ते २१, २२, २३ आणि २४ ने संपतात असे धरा. दोन्ही पत्ते सम किंवा दोन्ही विषम असतील तर पहिली केबल, एक सम आणि एक विषम असेल तर दुसरी. त्यामुळे २२ आणि २४ पहिल्या केबलवर गेले, २१ आणि २३ दुसऱ्या केबलवर. वाटणी छान झाली. पण २२ वर डिझाइनच्या मोठ्या फाइली उघडतात, २४ वर कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग पाहिले जाते, आणि २१ व २३ वर फक्त बिले बनतात. पहिली केबल तुडुंब भरली, दुसरी जवळजवळ रिकामी. स्विचला याची खबरही नसते. तो पार्टीचा नंबर पाहून टेंपो ठरवणारा मुनीम आहे, गाठीचे वजन तो पाहत नाही. आणि कोणी सर्व संगणकांना सम पत्ते देऊन ठेवले असतील तर दुसरी केबल कायमची आराम करेल.

हिशेबात कोणते पत्ते धरायचे हे बऱ्याच स्विचवर निवडता येते, आणि बहुतेक ठिकाणी कारखान्यातून आलेली सेटिंग कोणी बदलतच नाही. फक्त मॅक ॲड्रेसवर हिशेब असेल तर राऊटरच्या वाटेवर पंचाईत होते. वेगळ्या नेटवर्कमध्ये किंवा इंटरनेटवर जाणारे प्रत्येक पुडके प्रथम राऊटरकडे जाते, म्हणून त्यावर घेणाऱ्याचा मॅक ॲड्रेस म्हणून राऊटरचाच असतो. केवळ घेणाऱ्याच्या मॅकवर हिशेब केला तर बाहेर जाणारा सर्व माल एकाच केबलवर चढतो. पाठवणारा आणि घेणारा दोघांचे आयपी पत्ते धरले तर वाटणी सुधारते. त्यांच्यासोबत टीसीपीचे पोर्ट नंबरही धरले, तर त्याच दोन संगणकांमधील वेगवेगळी कामे वेगवेगळ्या केबलवर जाऊ शकतात. माझ्या मते या एका सेटिंगचा फायदा तिसरी केबल टाकण्यापेक्षा बहुधा जास्त होईल, आणि तिला खर्च काही नाही.

केबलच्या संख्येचीही एक गंमत आहे. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट मालिकेतील अनेक स्विचमध्ये हिशेबाचे उत्तर ८ खणांपैकी एका खणात पडते आणि ते ८ खण केबलींमध्ये वाटले जातात. २ केबल असतील तर ४-४, ४ असतील तर २-२-२-२. पण ३ केबल असतील तर ३-३-२, आणि ५ असतील तर २-२-२-१-१. म्हणजे ५ केबलींमध्ये दोघींच्या वाट्याला बाकीच्यांच्या निम्मेच काम येते. जुने जाणकार २, ४ किंवा ८ केबल बांधा म्हणतात ते यामुळे.

आणखी एक बाब अनेक कारागिरांनाही ठाऊक नसते. प्रत्येक बाजूचा स्विच फक्त आपण पाठवतो त्या मालाची वाटणी करतो. जाणारा माल पहिल्या केबलने गेला आणि त्याचे उत्तर दुसऱ्या केबलने आले, तर त्यात काही चूक नाही. वाटणीचा हिशेब कसा करावा हे मानकाने ठरवून दिलेलेच नाही, ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले आहे. त्यामुळे एका बाजूची सेटिंग सुधारून भागत नाही. सर्व्हरकडून येणारा माल जास्त असेल तर सर्व्हरच्या बाजूचा स्विच दुरुस्त केला पाहिजे.

जोडणी दोन प्रकारची

केबल बांधण्याच्या दोन रीती आहेत. एकीत दोन्हीकडे हाताने सांगून टाकतात की हे पोर्ट एकत्र आहेत, आणि स्विच मुकाट्याने मानतो. दुसरीत दोन्ही स्विच एलएसीपी नावाच्या पद्धतीने एकमेकांना सतत सलाम करत राहतात, दर सेकंदाला किंवा दर ३० सेकंदांनी. लागोपाठ तीन सलाम चुकले की ती केबल जुडीतून बाहेर काढली जाते. म्हणजे बिघाड ३ सेकंदांत किंवा ९० सेकंदांत लक्षात येतो.

केबल तुटली की पोर्टचा दिवा विझेलच, मग सलाम कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण दुकान आणि गोदाम यांच्या दरम्यान फायबर असेल आणि दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टरचे डबे लावले असतील, तर मधली फायबर तुटली तरी स्विच ते डबा ही लहान केबल शाबूत असते. कन्व्हर्टर साधा असेल तर दिवा जळतच राहतो. हाताने बांधलेल्या जोडणीत स्विच त्या मेलेल्या वाटेवर आपला अर्धा माल खुशाल टाकत राहतो. मग २१ आणि २३ चे संगणक बंद, २२ आणि २४ चे चालू, असा विचित्र प्रकार होतो आणि कारागीर दिवसभर संगणक उघडून बसतो. एका बाजूला जुडी बांधली आणि दुसऱ्या बाजूला विसरले, तरी हाताच्या जोडणीत असाच गोंधळ होतो. एलएसीपी अशी अर्धवट जुडी बांधतच नाही. म्हणून जेथे दोन्ही स्विचमध्ये ती सोय आहे तेथे तीच घ्यावी.

मग दुसऱ्या केबलचा फायदा काय? फायदा आहे आणि तो मोठा आहे. एक केबल गेली तर तिच्यावरचे व्यवहार उरलेल्या केबलवर जातात आणि बिले चालू राहतात. ज्या ठिकाणी अनेक संगणक एकाच वेळी सर्व्हरशी बोलतात तेथे एकंदर वाहतूकही वाढते. मात्र त्यासाठी सर्व्हरलाही दोन केबलींनी बांधले पाहिजे, नाहीतर माल दोन रस्त्यांनी येऊन शेवटी एकाच दरवाजात अडेल. आणि दोन्ही केबल एकाच पाइपमधून नेल्या तर उंदीर किंवा जेसीबी दोन्हींचा हिशेब एकदमच करतो. वेगळ्या वाटेने नेलेल्या दुसऱ्या केबलला जास्त किंमत द्यायला हरकत नाही. स्विचच जळाला तर दोन्ही केबल निरुपयोगी, हेही धरून चालावे. दोन वेगळ्या स्विचवर एक जुडी बांधण्याची सोय महाग स्विचमध्येच मिळते.

एकाच फाइलला वेग हवा असेल तर जाड केबल हा सरळ मार्ग आहे. येथे जाड म्हणजे जास्त वेगाचे पोर्ट. २०१६ साली ८०२.३बीझेड हे मानक आले. त्यामुळे जी कॅट ५ई केबल भिंतीत आधीच आहे तिच्यावरच १०० मीटरपर्यंत २.५ गिगाबिट मिळू शकतात, फक्त दोन्ही टोकांची यंत्रे तशी लागतात. १० गिगाबिटसाठी कॅट ६ए केबल १०० मीटरपर्यंत आणि कॅट ६ सुमारे ५५ मीटरपर्यंत चालते. विंडोजमध्ये २०१२ पासून एसएमबी मल्टिचॅनल नावाची सोय आहे. तिच्यात संगणक स्वतःच एका फाइलचे अनेक व्यवहार करतो, परंतु त्यासाठी दोन्ही टोकांच्या संगणकांना त्याला साजेशी कार्डे हवीत.

या सर्वांच्या आधी केबल खरोखर भरते का, हे पाहिले पाहिजे. सामान्य कॅमेरा साधारण ४ ते ८ मेगाबिट घेतो. १६ कॅमेरे धरले तरी शंभर-सव्वाशे मेगाबिट होतात, म्हणजे एक गिगाबिटच्या केबलचा आठवा हिस्सा. हिशेबाच्या नोंदी तर त्याहून फारच हलक्या. अशा पेढीत बिल उशिरा निघत असेल तर दोष बहुधा सर्व्हरच्या जुन्या हार्ड डिस्कचा असतो आणि दुसरी केबल टाकून तो जात नाही. सेटिंग होणाऱ्या स्विचमध्ये प्रत्येक पोर्टवरून किती माल गेला याचा आकडा दिसतो. गर्दीच्या वेळी, दुपारी ४ ते ६, तो आकडा लिहून मागावा. विक्रेत्याने सांगितलेला वेग जाणे आणि येणे मिळून आहे की एका दिशेचा, हेही तेव्हाच विचारावे. ही मोजदाद इथे जुनी आहे, १०० मेगाबिटच्या ४ केबलींना ८०० मेगाबिट म्हणून विकले गेलेले आहे.

काम पूर्ण झाल्यावर पैसे चुकते करण्यापूर्वी दोन गोष्टी समोर करून घ्याव्यात. चार संगणकांवरून एकदम मोठ्या फाइली कॉपी करायला लावाव्यात आणि दोन्ही पोर्टचे आकडे वाढतात का ते पाहावे. एकच वाढत असेल तर हिशेबाची सेटिंग बदलायला सांगावे. मग कॉपी चालू असतानाच एक केबल काढावी. क्षणभर थबकून कॉपी पुढे चालू राहिली पाहिजे. फायबरची वाट असेल तर केबल स्विचमधून काढू नये, कन्व्हर्टरच्या पलीकडची फायबर काढावी, आणि घड्याळ लावून पाहावे की काम ३ सेकंदांत सावरते की ९० सेकंदांत.